झाकण कोणाच्या हातासाठी?

वार्षिकांकासाठी लेख मागवले की विषय साधारणपणे ठरलेले असतात. तरुण पिढी आणि मूल्ये, साहित्य आणि समाज, परीक्षापद्धतीतील दोष. अशा भारदस्त विषयांच्या रांगेत मी बाटलीचे झाकण हातात घेऊन उभी आहे, हे पाहून काही मैत्रिणींना हसू आवरणार नाही. कलाशाखेच्या विद्यार्थिनीने झाकणावर काय म्हणून लिहावे? ते इंजिनिअरांचे काम, असे कोणी म्हणेल. मला ते मान्य नाही. झाकण कसे बनवावे हा प्रश्न इंजिनिअरांचा खरा. परंतु ते कोणत्या हाताने उघडायचे असे गृहीत धरून बनवावे, हा प्रश्न तुमचाआमचा आहे. आपण तो विचारीत नाही, म्हणून त्याचे उत्तर आपल्याला न विचारताच ठरते.

ज्या घरांत प्रवासाला निघताना फिरकीचा तांब्या बरोबर घेण्याची पद्धत होती, तिथे आट्यांचे झाकण म्हणजे काय हे समजावून सांगावे लागणार नाही. त्या तांब्याचे झाकण हातानेच फिरवून लावायचे आणि हातानेच फिरवून काढायचे. लावणारा आणि काढणारा बहुधा एकच असे. फार तर नवऱ्याने लावले आणि बायकोने काढले, एवढाच फरक. त्यामुळे आपण किती आवळावे याचा अंदाज लावणाऱ्याला आपोआप असे. कारखान्यात भरलेल्या बाटलीची गोष्ट निराळी आहे. तिचे झाकण यंत्र लावते आणि ते उघडणारा माणूस शेकडो मैल दूर, काही महिन्यांनी भेटणारा, कोणीतरी अनोळखी असतो. यंत्राला घाई असते. झाकण फिरवीत बसण्यापेक्षा एका दाबात बसवणे त्याला परवडते. माणसाच्या हाताला मात्र घट्ट दाबून बसवलेली वस्तू ओढून काढणे जड जाते. त्याला फिरवणे सोपे. या दोघांची तडजोड म्हणून ‘दाबून बसवायचे आणि फिरवून काढायचे’ अशी झाकणे निघाली.

ही तडजोड एका दिवसात झाली नाही. आपल्या ओळखीचा जो सोड्याच्या बाटलीचा बिल्ला, ज्याला ठोकून सपाट करून, दोन भोके पाडून, दोरा ओवून मुले भिंगरी करीत, तो अमेरिकेतील बाल्टिमोरच्या विल्यम पेंटर या गृहस्थाने शोधून काढला. त्याला १८९२ साली त्याचे पेटंट मिळाले. पत्र्याची चकती, आत बुचाचा पातळ थर आणि कडेला चोवीस दाते. पुढे हे दाते एकवीस झाले. यंत्राने एकदा दाबले की दाते काचेच्या ओठावर मुडपून घट्ट बसतात. यंत्राचे काम भागले, पण हाताचे काय? हाताने तो बिल्ला निघत नाही. म्हणून १८९४ साली त्याच पेंटरने बिल्ला काढण्याच्या ओपनरचेही पेटंट घेतले. आधी कुलूप विकायचे आणि मागाहून किल्ली, असा हा प्रकार झाला. ज्याच्याजवळ ओपनर नाही त्याने टेबलाची कड शोधावी, नाहीतर दात वापरावेत.

पुढे याच बिल्ल्याची सुधारलेली जात निघाली. बाटलीच्या ओठाखाली काचेतच आटे पाडलेले असतात; बिल्ला नेहमीसारखा दाबूनच बसवतात, पण दाबताना त्याची कड त्या आट्यांवर बसते आणि मग तो हाताने फिरवून काढता येतो. लहान मुलांच्या तयार खाण्याच्या काचेच्या बरण्यांचे झाकण याहून मौजेचे आहे. त्या झाकणाला स्वतःचे आटे नसतातच. पत्र्याच्या आतल्या कडेला रबरासारखा मऊ थर असतो. गरम असताना झाकण बरणीवर दाबले की बरणीचे आटे त्या थरात उमटतात. म्हणजे बरणीच झाकणावर आपली वाट लिहून ठेवते. खाणे निवले की आत निर्वात पोकळी होते आणि बाहेरची हवा झाकण दाबून धरते. हाताने फिरवले की झाकण त्या उमटलेल्या वाटेने वर चढते आणि ‘टक्’ असा आवाज होऊन हवा आत शिरते.

तिसरे उदाहरण अमेरिकेतील दुधाच्या प्लास्टिकच्या बुधल्यांचे. त्यांचे झाकण यंत्र सरळ वरून दाबते. झाकणाचे प्लास्टिक लवचिक असल्यामुळे ते क्षणभर किंचित फाकते, त्याचे आटे गळ्यावरच्या आट्यांवरून एकामागून एक घसरत खाली उतरतात आणि झाकण पुन्हा मिटते. मग ते सरळ वर ओढले तर का निघत नाही? देशाकडून सह्याद्रीवर येताना चढण फारशी जाणवत नाही, पण कोकणाकडे मात्र तुटलेला कडा असतो, हे आपण सहलीला जाऊन पाहिलेले आहे. या आट्यांचा आकारही तसाच असतो. एका अंगाला उतार, दुसऱ्या अंगाला कडा. खाली जाताना उताराची बाजू लागते आणि वर येताना कडा आडवा येतो. कड्यावरून सरळ चढता येत नसेल तर घाटाची वळणे घेत जावे लागते. झाकण फिरवणे म्हणजे तो घाटरस्ता.

येथपर्यंत सारे कौतुकाचे आहे. पण घाटरस्ता किती चढाचा ठेवायचा, हे कोणीतरी ठरवावे लागते. आटे उथळ ठेवले तर झाकण सहज बसते, पण बाटली हातातून पडली की उडून जाते. खोल ठेवले तर ते पक्के राहते, पण बसवायला जोर लागतो. आट्यांचा चढ उभा ठेवला तर पाव वळणात झाकण सुटते, पण मनगटाला जोर जास्त पडतो. चढ कमी ठेवला तर जोर कमी, पण फिरवीत बसावे लागते. झाकण रुंद आणि उंच असेल तर बोटांना पकड चांगली मिळते, पण माल जास्त लागतो. शीतपेयांच्या प्लास्टिक बाटल्यांचेच पाहा. त्यांची झाकणे यंत्र फिरवूनच बसवते, तरी ओढाताण हीच आहे. पूर्वीच्या प्रमाणित गळ्याची उंची सुमारे २१ मिलिमीटर होती; पुढे प्लास्टिक वाचवण्यासाठी ती सुमारे १७ मिलिमीटरवर आणली गेली. प्लास्टिक वाचले हे चांगलेच झाले. पण गळ्याबरोबर झाकणही बुटके झाले आणि बोटांना धरायला जागा कमी उरली. या हिशेबात वाचलेल्या मालाची नोंद होते. बोटांची कुठे होते?

बोटांची नोंद ठेवायची तर आमच्या घरापासून सुरुवात करता येईल. माझ्या आजीला संधिवात आहे. खोकल्याच्या औषधाची बाटली, तिच्यावर ॲल्युमिनिअमचे झाकण, आणि झाकणाच्या खाली बारीक दुव्यांनी जोडलेले कडे. झाकण फिरवले की दुवे तुटून कडे खाली राहावे, अशी योजना. प्रत्यक्षात पुष्कळदा दुवे तुटत नाहीत आणि झाकण कड्यासकट गोल फिरत राहते. एकदा उघडलेच तर औषधातली साखर आट्यांत वाळते आणि दुसऱ्या दिवशी झाकण चिकटून बसते. मग आजी ते दाराच्या फटीत धरून बाटली फिरवते, गरम पाण्यात बुडवते, पदर गुंडाळून पाहते. यातले काहीच साधले नाही तर कोणी कॉलेजातून किंवा कचेरीतून घरी येईपर्यंत थांबते. जिने आयुष्यभर घरातली प्रत्येक बरणी उघडली, तिला स्वतःच्या औषधासाठी संध्याकाळची वाट पाहावी लागते. ‘आता माझ्यात जोर राहिला नाही गं,’ असे ती म्हणते. दोष तिला स्वतःत दिसतो, झाकणात दिसत नाही. मला सर्वांत जास्त टोचते ते हेच.

यात जोराचा प्रश्न किती आहे याचा एक साधा हिशेब करून पाहावा. सहा सेंटिमीटर व्यासाच्या झाकणाचे क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस सेंटिमीटर. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो. बरणीतील निम्मी हवा जरी निघालेली असली तरी त्या झाकणावर १४ किलोंचा भार बसलेला असतो. म्हणूनच चमच्याच्या टोकाने कड किंचित उचलून हवा आत सोडली की तेच झाकण निमूटपणे फिरते. वय वाढते तशी पकड कमी होते, आणि बायकांची पकड सरासरीने पुरुषांहून कमी असते. म्हणजे स्वयंपाकघरात ज्या हातांना दिवसातून दहा वेळा झाकणे काढावी लागतात, त्याच हातांना ती जास्त जड जातात.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. झाकण फार सोपे केले तर ते सुरक्षित कसे राहणार? १९८२ साली शिकागो परिसरात एका वेदनाशामक औषधाच्या बाटल्यांत कोणीतरी विष मिसळले आणि सात माणसे दगावली. बाटली आधी उघडली गेली असल्यास तसे दिसलेच पाहिजे, असा दंडक त्यानंतर तेथील औषधांना लागू झाला. ते तुटणारे कडे म्हणजे मध्ये कोणी हात लावला नाही याची साक्ष आहे. ती नको असे मी म्हणणार नाही. भेसळीच्या बातम्या वाचणाऱ्या आपल्या देशात तर नाहीच नाही.

दुसरी गोष्ट मुलांची. कॅनडातील विंडसर येथील हेन्री ब्रॉल्ट या बालरोगतज्ज्ञांनी १९६७ साली ‘तळव्याने दाबा आणि फिरवा’ असे झाकण पुढे आणले. औषधे खाऊन मुलांना होणारी विषबाधा टाळणे हा त्यांचा हेतू. अमेरिकेने १९७० साली त्यासाठी कायदा केला. पुढे ठरलेल्या चाचणीत साडेतीन ते सव्वाचार वर्षांच्या मुलांना बाटल्या देतात, पाच मिनिटांनी झाकण उघडूनही दाखवतात, दात वापरायची मुभा देतात, आणि तरीही शंभरातील किमान ऐंशी मुलांना ते उघडता येता कामा नये. मोठ्यांपैकी शंभरातील नव्वदांना मात्र उघडता आले पाहिजे. नियम उत्तम. पण हे ‘मोठे’ कोण? १८ ते ४५ वर्षांचे! औषधांच्या बाटल्या ज्यांच्या उशाशी असतात ते साठीचे, सत्तरीचे लोक त्या चाचणीत नव्हतेच.

त्याचा परिणाम काय झाला? ज्यांना झाकण उघडेना त्यांनी ते लावणेच सोडले. कोणी सैल ठेवले, कोणी गोळ्या दुसऱ्या डबीत काढल्या. आणि आजोबांच्या उघड्या डबीपर्यंत नातवंडांचा हात पोहोचतोच. म्हाताऱ्यांना जड जाणारे झाकण शेवटी मुलांनाही वाचवीत नाही, हे उमगल्यावर १९९५ साली नियम बदलला आणि चाचणीसाठी ५० ते ७० वर्षांची माणसे घेतली जाऊ लागली. त्यांतील शंभरात सत्तर स्त्रिया असाव्यात हेही नियमातच आहे. पहिल्या खेपेला पाच मिनिटे, दुसऱ्या खेपेला एक मिनिट. तेवढ्यात झाकण निघाले पाहिजे. मुलांची अट तशीच राहिली. कारखानदारांनी नवी झाकणे बनवली. सुरक्षितता आणि सोय एकत्र नांदत नाहीत, या म्हणण्याला हे पुरेसे उत्तर आहे. त्यांना एकत्र नांदवण्याची कोणी सक्ती केलेली नसते, एवढेच.

‘पण खर्च?’ हा शेवटचा आक्षेप. युरोपीय संघाने २०१९ साली ठरवले की तीन लिटरपर्यंतच्या पेयांच्या प्लास्टिक बाटल्यांची झाकणे उघडल्यावरही बाटलीला जोडलेली राहिली पाहिजेत, म्हणजे ती समुद्रकिनाऱ्यावर विखुरणार नाहीत. कुरकूर पुष्कळ झाली. तरी ३ जुलै २०२४ पासून ते अमलात आले आणि कारखान्यांनी साचे बदलले. समुद्रासाठी झाकण बदलता येते, तर माणसाच्या मनगटासाठी का येऊ नये?

माझे मागणे थोडे आहे. झाकण गळते का, पडल्यावर टिकते का, मिनिटाला किती बाटल्यांवर बसते हे जसे मोजतात, तसे सत्तरीच्या आजीला ते ओल्या हाताने उघडते का हेही आपल्याकडे मोजले जावे आणि पाकिटावर छापले जावे. आणि सुरुवात सरकारनेच करावी असेही नाही. आपल्या महाविद्यालयात मानसशास्त्र विभाग आहे, राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी आहेत, आणि आपल्या प्रत्येकाच्या घरी किंवा शेजारी कोणीतरी आजी-आजोबा आहेत. दहा औषधांच्या बाटल्या, पन्नास वृद्ध माणसे आणि एक घड्याळ एवढ्या साहित्यावर एक चांगला प्रकल्प होईल. कोणाला किती वेळ लागला, कोणी नाद सोडला, कोणी दाराची फट वापरली याची नोंद करावी आणि ती त्या त्या कंपनीला पाठवावी. आटे कसे असावेत ते विज्ञानशाखेच्या मित्रांनी सांगावे. ते कोणाला उघडत नाहीत हे शोधून काढण्याचे काम कलाशाखेने अंगावर घ्यावे. पुढच्या वर्षीच्या अंकात त्या नोंदींचा तक्ता छापला गेला, तर या लेखाचे सार्थक झाले असे मी समजेन.