रंगविणाऱ्याचे नाव

अमेरिकेतील ओहायो राज्यात १९४३ साली जन्मलेल्या दोन जुळ्या बहिणींपैकी जॉयस शाळेत जाऊ लागली आणि डाउन सिंड्रोम असलेली ज्यूडिथ स्कॉट सातव्या वर्षी सरकारी संस्थेत दाखल झाली. तेथील दप्तरात तिच्या नावापुढे शिक्षणास अपात्र असा शेरा पडला. परंतु या मुलीला ऐकूच येत नाही, एवढी साधी गोष्ट शेरा मारणाऱ्यांच्या ध्यानी आली नाही. तोंडी विचारलेल्या प्रश्नांना तिने उत्तरे दिली नाहीत हा तिचा गुन्हा, आणि त्याची सजा सुमारे पस्तीस वर्षांची.

पुढे जॉयसने बहिणीचे कायदेशीर पालकत्व स्वतःकडे घेतले, तिला कॅलिफोर्नियात आणले आणि १९८७ पासून ओकलंड शहरातील ‘क्रिएटिव्ह ग्रोथ’ या स्टुडिओत धाडण्यास आरंभ केला. फ्लॉरेन्स लुडिन्स-कॅट्झ ही कलावती व तिचे मानसशास्त्रज्ञ पती इलायस कॅट्झ यांनी १९७४ साली, मोठमोठ्या सरकारी संस्था रिकाम्या होऊन तेथील प्रौढ माणसे गावात परतत असता, घराच्या गॅरेजमध्येच हा उद्योग मांडला होता. येथे जे शिक्षक असतात ते स्वतः कलावंत असतात, आणि रंग, माती, सूत हाताशी ठेवावे, कोणी मागितल्यास तंत्र दाखवावे व मग मुकाट्याने बाजूस व्हावे, हेच त्यांचे काम मानले जाते.

ज्यूडिथचे मन जवळजवळ दोन वर्षे कशातही रमले नाही. आपल्याकडच्या एखाद्या हिशेबी कार्यकारी मंडळाने एव्हाना तिची जागा दुसऱ्या गरजूस देण्याचा ठराव सर्वानुमते मंजूर केला असता. नंतर धाग्यांच्या एका वर्गात तिच्या हाती काड्या व सूत आले, आणि तेव्हापासून २००५ मध्ये मृत्यू येईपर्यंत खुर्ची, चाक, जे सापडेल ते पोटात घेऊन, त्यावर सुताचे थरावर थर गुंडाळीत, ती अशा आकृती घडवीत राहिली की ज्यांना कोश म्हणावे की गाठोडी, याचा निवाडा होऊ नये. एकदा तर सूत सोडून नुसत्या कागदी टॉवेलांना गाठी मारमारून तिने एक पांढुरकी आकृती उभी केली. २०१४ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन संग्रहालयात तिच्या कृतींचे स्वतंत्र प्रदर्शन भरले.

संग्रहालयाची ही पायरी शेकडोंतून एखादाच चढतो, आणि तो चढला की रसिकांना त्याच्या कलेहून त्याच्या व्यंगाचीच कहाणी अधिक रुचकर वाटते, हेही खरे. म्हणून मला महत्त्व वाटते ते त्या स्टुडिओच्या जमाखर्चाचे: कृती विकली गेली की निम्मी रक्कम ती घडविणाऱ्याच्या नावे जमा होते. तेथे नाव आहे म्हणून हिशेब आहे.

आपल्याकडे बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलास अठरा वर्षे पुरी झाली की विशेष शाळेचे दार मिटते, आणि आईबापांच्या नशिबी फार झाले तर एखादी कार्यशाळा येते, जिथे पाकिटे, आकाशकंदील आणि पणत्या एकाच बेताने घडतात. कार्यशाळा चालविणाऱ्यांच्या कष्टांविषयी मला आदर आहे. अनुदानाची फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकविण्यात त्यांचे अर्धे आयुष्य जाते. परंतु दिव्यांग कलावंतांस साहाय्य व आश्रय देण्याची तरतूद २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २९ व्या कलमात असताना, कारागीर म्हणून सुद्धा त्यांचे नाव कोठे नोंदले जाऊ नये, ही उणीव पैशाची म्हणता येत नाही. विकत घेणारे आपण दया म्हणून घेतो, आणि दयेला पावती लागत नाही.

गेल्या दिवाळीपूर्वी अशाच एका कार्यशाळेच्या पणत्यांच्या विक्रीच्या टेबलापाशी उभा होतो. शेजारच्या बाई आपल्या सुनेला म्हणत होत्या, “घे गं चार, तेवढंच पुण्य.” मीही चार उचलल्या आणि टेबलामागच्या ताईंना सहज विचारले, “या रंगवल्या कोणी?” त्या गोंधळल्या. “आमच्या मुलांनीच,” त्या म्हणाल्या आणि मागे वळून त्यांनी हाक मारली. ज्याला त्या मूल म्हणत होत्या तो चाळिशीचा, कानशिलावर केस पिकलेला गृहस्थ पुढे आला. त्याने माझ्या हातातल्या पणत्या एकेक करून उलटसुलट पाहिल्या, दोन टेबलावर परत ठेवल्या, ढिगात बराच वेळ हात घालून काठाला निळे ठिपके असलेल्या दुसऱ्या दोन शोधून काढल्या, आणि त्या माझ्या तळहातावर ठेवून म्हणाला, “या माझ्या. त्या नाहीत.”