पन्नास युरोची पावती



पोटाला चिमटा काढून मंडळाची वर्गणी भरणाऱ्यांना ही हकिकत आपलीशी वाटेल.

स्पेनच्या बास्क भागात, डोंगरांच्या बेचक्यात एइबार नावाचे कामगारांचे गाव आहे. वस्ती जेमतेम २७ हजार. बंदुका, सायकली, शिलाई यंत्रे यांच्या कारखान्यांवर इथल्या चुली पेटत आल्या. १९३७ साली यादवी युद्धातील बॉम्बहल्ल्यांनी गाव बेचिराख झाले. ते पुन्हा उभे राहत असतानाच, १९४० साली, गावातले दोन संघ एकत्र आले आणि एइबार फुटबॉल क्लब जन्मला. १९४७ साली इपुरुआ हे हक्काचे मैदान झाले.

पुढे अनेक वर्षे क्लब खालच्या श्रेणींतच खेळला. २०१४ साली मात्र त्याने सर्वोच्च श्रेणी गाठली. आणि तिथेच कायदा आडवा आला! भांडवल अपुरे आहे. सुमारे १७ लाख युरो उभे करा, नाहीतर खाली जा. अंगावर कर्ज नसलेल्या क्लबला ही अट!

एखादा धनिक शोधता आला असता. क्लबने तसे केले नाही. शेअरची किंमत ५० युरो ठेवली आणि एकाने एक लाख युरोपेक्षा जास्त शेअर घ्यायचे नाहीत, असे ठरवले. देशोदेशींच्या हजारो लोकांनी शेअर घेतले. रक्कम जमली! सात हंगाम क्लब बड्यांशी झुंजला. २०२१ साली खाली उतरला, पण मोडला नाही.

बांधवांनो, पावती लहान असली तरी तिच्यावर नाव आपले असते. आपल्या मंडळाचा हिशेब चोख ठेवा.