शस्त्रक्रियांची मोजदाद आणि गमावलेली दृष्टी

संत नामदेवांच्या वास्तव्यामुळे मराठी माणसाला परिचित असलेल्या पंजाबातील घुमान गावी २०१४ साली भरलेल्या नेत्रशिबिरात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करून घेतलेल्या अनेक गरिबांची दृष्टी गेली. बिहारातील मुझफ्फरपूर येथे २०२१ साली तसेच घडले आणि कित्येकांचे डोळेच काढून टाकावे लागले. दोन्ही वेळा चौकशा झाल्या, निषेध झाले. परंतु अशा घटनांना अपघात म्हणून सोडून देता येणार नाही.

अशा दुर्घटनांमागचे नेहमीचे कारण म्हणजे दूषित द्रवातून वा नीट निर्जंतुक न केलेल्या हत्यारांतून डोळ्यात शिरणारे जिवाणू. डोळ्याच्या पोकळीतील काचेसारख्या पारदर्शक द्रवाला रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळे गोळ्या वा शिरेतून दिलेले औषध तेथे पुरेसे पोहोचत नाही. व्हँकोमायसिन व सेफ्टाझिडीम यांसारखी प्रतिजैविके सुईने थेट डोळ्यात सोडावी लागतात. विलंब झाला की दृष्टिपटल नष्ट होते आणि त्याच्या मृत पेशी पुन्हा निर्माण होत नाहीत. येथे हिशेब दिवसांचा नव्हे, तासांचा असतो.

अमेरिकेत ४२० रुग्णांवर झालेल्या आणि १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने या उपचारांची शिस्त घालून दिली. ज्यांना केवळ उजेडाची जाणीव उरली होती, अशा रुग्णांत डोळ्यातील दूषित द्रव तातडीने काढून टाकल्यास दर तिघांपैकी एकाला चांगली दृष्टी परत मिळाली. केवळ औषध टोचलेल्यांत हे प्रमाण नऊजणांत एक होते. ज्यांची दृष्टी त्याहून बरी होती, त्यांना मात्र या शस्त्रक्रियेचा अधिक लाभ झाला नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या रुग्णांची अंतिम तपासणी नऊ ते बारा महिन्यांनी झाली. सूज उतरली, वेदना थांबली, म्हणजे रुग्ण बरा झाला असे नव्हे. तक्त्यावरील किती ओळी तो वाचतो, हे बरे होण्याचे माप आहे.

आपल्याकडे माप कोणते आहे? अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. १९९४ पासून जागतिक बँकेच्या कर्जातून महाराष्ट्रासह सात राज्यांत शस्त्रक्रियांचा वेग वाढवण्यात आला. लाखो लोकांना दृष्टी मिळाली, हे निर्विवाद आहे. परंतु स्वयंसेवी संस्थांना अनुदान मिळते ते शस्त्रक्रियांच्या संख्येवर. ज्या वस्तूचा दाम मिळतो तिचेच उत्पादन वाढते, हा अर्थशास्त्राचा साधा नियम आहे. पाहू लागलेल्या डोळ्याला दाम नाही. मग वर्षाने त्याची चौकशी कोण करणार? ज्याच्या खिशात पैसा आहे तो डोळा लाल होताच शहर गाठतो. शेतमजुराला मात्र एका दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला जाणेही जड जाते आणि दृष्टिपटलाचे तज्ज्ञ तर शहरांतच एकवटलेले आहेत.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. प्रत्येक शस्त्रक्रियेनंतरच्या दृष्टीची नोंद जाहीर व्हावी. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात डोळ्यात टोचावयाची औषधे व ती टोचणारा डॉक्टर सदैव उपलब्ध असावा. रुग्णाच्या प्रवासाचा व बुडालेल्या मजुरीचा भार शासनाने उचलावा. समाजवादी कार्यकर्तेही गावोगाव शिबिरे भरवतात. त्यांचे कर्तव्य उद्घाटनाच्या फलकापाशी संपत नाही. शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येकाच्या घरी दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि वर्षाने जाणे हेही शिबिराचेच काम आहे. गरिबाला फुकट मिळाले म्हणून ते निकृष्ट असले तरी चालेल, हा विचार ज्या व्यवस्थेत रुजला आहे, तिच्याशी लढा येथूनच सुरू होतो.