नायकाच्या शहाणपणाचा खर्च

तरुण नायक, तरुण नायिका, महानगरातील प्रशस्त सदनिका आणि दारावर थाप मारणारे कोणी नाही! शहरातील एकट्या तरुणाईवरच्या विनोदी प्रेमपटांचा हा साचा आता ठरून गेला आहे. आईवडील असलेच तर दूरध्वनीच्या पलीकडे, शेजारी असलेच तर हसे करून घेण्यापुरते. सदनिकेचे भाडे कसे परवडते, असला क्षुद्र प्रश्न विचारायचा नसतो.

यावर कोणी आक्षेप घेतला की पुरोगामी म्हणवणारी मंडळी तत्काळ विचारतात, ‘तुम्हांला प्रेमाचे एवढे वावडे का?’ वावडे मुळीच नाही. राजा ठाकूर यांच्या ‘मुंबईचा जावई’ने १९७० साली मराठी घरांना खळखळून हसवले. चाळीतल्या गर्दीच्या घरात नवविवाहित जोडप्याला एकांत मिळत नाही, एवढेच त्याचे कथाबीज. बासू चटर्जींनी त्यावरूनच १९७२ मध्ये हिंदीत ‘पिया का घर’ केला. तिथला विनोद जागेच्या टंचाईतून आणि माणसांच्या दाटीतून येतो, म्हणजे खऱ्या मुंबईतून येतो. अलीकडचे उदाहरण हवे असेल तर सतीश राजवाडे यांचा ‘मुंबई-पुणे-मुंबई’ (२०१०) घ्या. स्थळ पाहायला पुण्यात आलेली मुलगी दिवसभर एका अनोळखी मुलाबरोबर हिंडते, भांडते, बोलते. ज्याला पाहायला ती आली तो हाच, हे तिला ठाऊक नसते. सहकुटुंब पाहताना त्यात कोणाला मान खाली घालावी लागली नाही.

आक्षेप आहे तो हिशेबाला. सिद्धार्थ आनंद दिग्दर्शित ‘सलाम नमस्ते’ (२००५) पाहा. मेलबर्नमध्ये राहणारे दोघे एका घरात राहू लागतात. नायिकेला दिवस जातात. नायकाला मूल नको असते. ती गर्भपाताला नकार देते आणि पुढचे काही महिने एकाच छपराखाली राहून तो तिला जवळजवळ परकी मानतो. अखेरीस त्याला उपरती होते, प्रसूतिगृहात अंगठी निघते आणि प्रेक्षक हसत घरी जातात. नायक शहाणा झाला, हे उत्तमच. पण त्याला शहाणे करण्याचा सारा खर्च नायिकेच्या खाती मांडला गेला, हे कोणाच्या ध्यानात आले? या प्रकाराला स्त्रीस्वातंत्र्य म्हणायचे असेल, तर स्वैराचारी पुरुषाला याहून सोयीचे स्वातंत्र्य कोणते असेल?

‘शुद्ध देसी रोमान्स’ने (२०१३) पुढची पायरी गाठली. जयपूरमधले ते नायक-नायिका बोहल्यावरून पळण्यात पटाईत. शेवटी लग्नच नको, नुसते एकत्र राहू, असे ठरवून मोकळे होतात. पडद्यावर तिथे ‘समाप्त’ होते. न्यायालयात मात्र पुढचा अंक सुरू होतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने विवाहसदृश संबंधातील स्त्रीलाही संरक्षण दिले आहे. परंतु २०१० मध्ये वेलुसामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, असा प्रत्येक संबंध विवाहसदृश ठरत नाही. दोघे पुरेसा काळ एकत्र राहिले आणि समाजासमोर पतिपत्नी म्हणूनच वावरले, हे दिसले पाहिजे. नुसत्या सुट्टीच्या दिवसांची सोबत पुरेशी नाही. म्हणजे ज्या समाजाला झुगारून संसार थाटायचा, त्याच समाजाची साक्ष अडचणीच्या वेळी काढायची! हा विनोद एकाही पटकथाकाराला सुचू नये, याचे नवल वाटते.

लक्ष्मण उतेकर यांच्या ‘लुका छुपी’मध्ये (२०१९) आपल्यासारख्यांवरही नेम आहे. मथुरेतल्या नायिकेचा पिता संस्कृतिरक्षक पुढारी, आणि त्याचे कार्यकर्ते जोडप्यांच्या तोंडाला काळे फासत फिरतात. हे चित्र झोंबते, यात शंका नाही. तरीही स्पष्टच लिहितो : रस्त्यात परक्याच्या मुलीचे तोंड काळे करणारा कुटुंबसंस्थेचा रक्षक नव्हे, आणि त्याची थट्टा झाली म्हणून आपण रुसण्याचे कारण नाही. कुटुंबसंस्था राखायची ती घरात. त्या चित्रपटात लग्नाला उतावीळ असतो तो मुलगा. आधी एकत्र राहून पारखून घेऊ, हा आग्रह मुलीचा. तिला ही पारख घरच्यांच्या मदतीने का करता येऊ नये? कांदेपोहे खाऊन, तासाभराच्या बैठकीत मुलीच्या आयुष्याचा निकाल लावणारी घरे आपल्यातही आहेतच. चित्रपटवाल्यांना गिऱ्हाईक मिळते ते तिथूनच.

लातूर-सांगलीहून पुण्यात नोकरीला आलेल्या मुलीने रात्री आईला दूरध्वनी करून ‘एक मुलगा आवडला आहे’ एवढेच सांगितले, तर आपल्या घरातून पहिला प्रश्न त्याच्या जातीचा जाईल की त्याच्या स्वभावाचा, हे वाचकांनी आपापल्या घरी विचारून पाहावे.