जागा भरल्याची पाटी

दिवाळीच्या फराळाबरोबर कडू काही वाढू नये, ही रीत मलाही कळते. पण नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगठ्याखाली कारीट फोडून त्याचा कडू रस जिभेला लावावयाचा, ही रीतही आपलीच. तेवढाच कडूपणा वाचकांनी आज माझ्याकडून चालवून घ्यावा.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, तालुक्याच्या गावातला चित्रकलेचा मास्तर. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. परंतु माझे सर्वांत अधिक वाचले गेलेले वाङ्मय म्हणजे आमच्या शाळेच्या फाटकावरची पाटी : ‘इयत्ता पाचवीचे प्रवेश पूर्ण झाले आहेत.’ अक्षर बरे म्हणून ते काम माझ्याकडे आले. ही पाटी मी मार्चमध्ये रंगवतो. वाडीवस्तीवरच्या शाळांत चौथीचा निकाल तेव्हा लागलेलाही नसतो!

गेल्या जूनमध्ये त्या पाटीखाली एक भाजीवाली बाई उभी होती. बरोबर मुलगा, हातात जिल्हा परिषदेच्या शाळेचा दाखला. बाईंना वाचता येत नव्हते. पाटी मुलानेच अडखळल्याशिवाय वाचून दाखवली. बाईंनी मला विचारले, “गुरुजी, आज आलो तर जागा भरल्या. मग यायचं कधी होतं?”

खरे उत्तर असे होते : “बाई, तुमचा मुलगा साडेतीन वर्षांचा होता तेव्हा.” ते माझ्या तोंडून निघाले नाही.

जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळा चौथीला संपतात. पुढचे वर्ग खाजगी संस्थांच्या माध्यमिक शाळांत. या शाळा बहुधा अनुदानित. म्हणजे मास्तरांचा पगार सरकारी तिजोरीतून. पण आमच्यासारख्या संस्था शेजारीच विनाअनुदानित बालवर्ग आणि प्राथमिक शाळा काढतात, तेथे फी घेतात, आणि पाचवीच्या जागा आधी ‘आपल्या’ मुलांना देतात. अनुदानाचा वाडा सर्वांच्या पैशाचा, आणि दिंडी दरवाजाची किल्ली मात्र बालवर्गाच्या फीच्या पावतीला बांधलेली. ती भाजीवाली काडेपेटी घेते तेव्हाही कर भरते. तिच्या पैशाने चालणाऱ्या शाळेत तिचाच मुलगा परका!

मी कोणी साधुसंत नव्हे. माझ्या मुलीसाठी त्याच बालवर्गाच्या रांगेत मी पहाटे चारला उभा होतो. बालवर्ग चांगला की वाईट, हे मी पाहिलेसुद्धा नाही. मला दहावीपर्यंतचे तिकीट हवे होते. ते मी मुलीला बोबडे बोल येत असतानाच काढले.

संस्थेचे चालक म्हणतात, “आमच्या मुलांना आम्ही रस्त्यावर टाकावे काय?” मुळीच नाही. परंतु फी घेणारी प्राथमिक शाळा निराळी आणि अनुदान घेणारी माध्यमिक शाळा निराळी, असे कागदोपत्री तुम्हीच मांडता ना? मग पाचवीच्या दारात दोन्हीकडची मुले सारखीच नवी. दुसरे म्हणणे असे, की बाहेरची मुले कच्ची असतात. असतील काही. कच्च्यांना पक्के करण्यासाठीच तर आम्हांला पगार मिळतो!

१९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला तेव्हा दंड होता. आज आई आपण होऊन मुलाला घेऊन येते, आणि आपण तिला पाटी दाखवतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंतच्या प्रवेशात चाळणी लावण्यास बंदी केली आहे. चिठ्ठ्या टाकण्यासारखी पद्धत सोडून एका मुलाला दुसऱ्याच्या आधी पसंत करणे म्हणजेच चाळणी, अशी त्यात व्याख्या आहे. पहिल्या गुन्ह्याला २५,००० रुपयांपर्यंत दंड, पुढच्या प्रत्येकाला ५०,०००. बालवर्गाची पावती ही चाळणी नव्हे, तर मग काय आहे?

याच कायद्याने विनाअनुदानित शाळांतही पहिलीच्या २५ टक्के जागा गरिबांच्या व वंचितांच्या मुलांसाठी ठेवल्या. पण त्याचाही हात आठवीपर्यंतच पोचतो. नववीला फी समोर येते, आणि आठ वर्षे एका बाकावर बसलेल्या मित्रांतून एकजण उठतो.

माझे मागणे थोडके आहे. अनुदानित शाळेने पाचवीच्या जागा किती, हे चौथीच्या निकालानंतर जाहीर करावे. अर्ज सर्वांचे घ्यावेत. अर्ज जास्त आले, तर गावासमोर चिठ्ठ्या टाकाव्यात. चिठ्ठीत माझ्या मुलीचे नाव न निघते, तर मला वाईट वाटले असते. पण त्या बाईंना आज वाटते तेवढेच, अधिक नाही.

यंदाची पाटी रंगवण्यास मी मुख्याध्यापकांना लेखी नकार दिला आहे. त्याने फार बिघडणार नाही. दुसरा कोणी रंगवील. अक्षर जरा वाकडे येईल, इतकेच. तो मुलगा हमरस्ता ओलांडून पलीकडच्या शाळेत जातो आहे. म्हणून लाडू हाती घेतलेल्या पालकांना माझे विचारणे आहे : आपली मुले तर आत बसली आहेत. ती पाटी उतरवण्यासाठी संस्थेच्या सभेत हात कोण वर करणार?