पालकांना पत्र, पालक सोडून

एप्रिलचा शेवटचा शनिवार. पुण्याहून ठाण्याला आईकडे गेलो होतो. घाटात दोन तास सडून घरी पोचलो, चहाचा पहिला घोट घेतोय तोच खालच्या मजल्यावरच्या वहिनी मोबाईल घेऊन दारात. "दादा, जरा बघता का हे? शाळेतून आलंय. पोरीला विचारलं तर म्हणते काही नाही गं, सुट्टीचं आहे."

वहिनींची मुलगी आठवीत, माझ्याच जुन्या शाळेत. कॅथलिक मिशनची, इंग्रजी माध्यमाची. वहिनी पोळीभाजीचे डबे करतात, भाऊ टेम्पो चालवतात. आणि व्हॉट्सॲपवर आलं होतं सत्राअखेरचं चार पानी पत्रक. सुरुवातीलाच "प्रिय पालकहो", अर्थात इंग्रजीत. मग मुख्याध्यापक फादरांचा संदेश, प्रायश्चित्तकाळात मुलांनी वृद्धाश्रमासाठी जमवलेले पैसे, फुटबॉलची ढाल, निवृत्त होणाऱ्या दोन टीचर्सचा निरोप समारंभ. छान लिहिलं होतं, खोटं कशाला बोलू. फादरांचं इंग्रजी माझ्या मॅनेजरपेक्षा दसपट बरं आहे. पण तिसऱ्या पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात, गणितात कच्च्या मुलांसाठी मे महिन्यात मोफत वर्ग, सोबत रोल नंबरांची यादी. आणि त्याखाली फी सवलतीच्या अर्जाची शेवटची तारीख. मुलीचा नंबर यादीत होता.

"काही नाही गं, सुट्टीचं आहे."

हे वाक्य मी ओळखतो, कारण त्याचा मूळ लेखक मी आहे. २०१० साल, मीही आठवीतच. तेव्हा झेरॉक्स केलेला कागद मिळायचा, खाली कापून द्यायची चिठ्ठी: 'वरील पत्रक आम्ही वाचले आहे.' त्या यादीत ३१ नंबर माझा होता आणि पालकांनी येऊन भेटावं असं लिहिलं होतं. मी आईला सांगितलं, शाळा चौदा जूनला उघडणार आणि नवीन मोजे घ्यायचे आहेत. आईने देवनागरीत सुंदर सही केली. त्याच कागदावर फी सवलतीचा परिच्छेद होता, तोही मी गिळला. मला तो नीट कळलाही नव्हता. बाबांनी त्या जूनमध्ये पतपेढीतून कर्ज काढून फी भरली. हे मला कळलं कॉलेजात गेल्यावर. आईला मी अजून सांगितलेलं नाही (आई हे वाचत नाही, तुम्ही कोणी सांगू नका).

आता माझा गाढवपणा माझ्यापाशी. पण ज्यांनी ही यंत्रणा उभी केली त्यांना काही विचारायचं की नाही?

आमच्या धंद्यात निरोप पाठवला म्हणजे पोचला असं कोणी मानत नाही. पलीकडून पोच यावी लागते, आणि ती पोच खऱ्या माणसाकडूनच आली आहे ना, हेही तपासावं लागतं. मध्येच कोणी निरोप उघडून, बदलून पुढे ढकलत असेल तर त्याला मॅन इन द मिडल हल्ला म्हणतात आणि तो थांबवायला कंपन्या पाण्यासारखा पैसा ओततात. इथे शाळेनेच मधला माणूस नेमलाय! तोही तेरा वर्षांचा, आणि ज्याची तक्रार पाकिटात आहे तोच! वर आईच्या सहीची चिठ्ठी फाईलला लावून शाळा निवांत. 'पालकांना कळवले होते.' कळवलं होतं, बरोबर. कळलं नव्हतं.

इथे एक गोष्ट साफ करतो, नाहीतर भलतेच लोक टाळ्या वाजवत येतील. कॉन्व्हेंट म्हटलं की झेंडे घेऊन धावणाऱ्यांपैकी मी नाही. त्यांनी बाहेरच बसावं. नववीत एका सिस्टरनी मला रोज दुपारी एक पैसा न घेता गणित शिकवलं, म्हणून मी आज एसीत बसून कोड लिहितोय. माझा राग आपल्या माणसांवरचा राग आहे.

आणि गंमत अशी की हे दुसऱ्या कोणी करावं, कॅथलिकांनी करू नये. इंग्लंडहून १५७९ मध्ये गोव्यात आलेले फादर थॉमस स्टीफन्स मराठी शिकले आणि १६१६ मध्ये त्यांचं 'क्रिस्तपुराण' छापून निघालं. दहा हजारांवर ओव्या! देवनागरीचे खिळे नव्हते तर रोमन लिपीत छापलं, पण भाषा लोकांची. बायबलची कथा ज्याला सांगायची त्याला त्याच्याच पुराणाच्या घाटात सांगायची, एवढी साधी अक्कल त्या माणसाला होती. (त्याच गोव्यात १६८४ मध्ये कोंकणी सोडा असं पोर्तुगीज फर्मानही निघालं. दोन्ही वारसे उपलब्ध आहेत, कुठला घ्यायचा ते शाळेने ठरवावं.) दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेत लोकभाषेला वाट मोकळी केली, वसईत मिस्सा मराठीत होते. त्याच परिषदेच्या १९६५ च्या शिक्षणविषयक घोषणेत तर आईवडीलच मुलाचे पहिले आणि मुख्य शिक्षक आहेत असं म्हटलंय. म्हणजे देवाशी मराठीत बोललेलं चालतं, पण फी सवलत इंग्रजीतच!

"पालकांनीच इंग्रजी माध्यम निवडलं ना?" हे मी माझ्याच टीममधल्या एका सुशिक्षित मित्राकडून ऐकलं. अरे, त्यांनी मुलीसाठी निवडलं, स्वतःसाठी नाही. आपल्याला येत नाही म्हणूनच तर निवडलं. पोहायला न येणारा बाप पोराला पोहायला घालतो, तेव्हा बापाला खोल पाण्यात ढकलून फी मागत नाहीत.

"मोबाईलवर भाषांतर होतं की!" केलं. पत्रक स्कॅन केलेलं, मजकूर कॉपी होत नाही. फोटो काढून केलं तर 'ब्लू हाउस' जिंकलं त्याचं निळं घर झालं, आणि नववीत बसवलेल्या मुलांना चक्क 'ताब्यात घेतलं'. वहिनी घाबरल्या ना!

उरला प्रश्न वेळेचा आणि माणसांचा. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या शाळांत मराठी शिकवणं सक्तीचं आहे, म्हणजे मराठीचे शिक्षक शाळेत आहेतच. हिंदीचेही आहेत, उत्तर प्रदेशातून आलेल्या पालकांचीही सोय होईल. निरोप समारंभाचं वर्णन इंग्रजीत ठेवा, ढाल इंग्रजीत मिरवा. पैसे, तारखा आणि मुलाची प्रगती एवढं तरी आईला वाचता येईल असं द्या. मराठीला २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले होते. तिसऱ्या पानाची तळटीप मराठीत छापायला दर्जाही लागत नाही.

मी तिसरं पान मोबाईलवरच मराठीत टाइप केलं. पंचवीस मिनिटं लागली, त्यात चहा पुन्हा गरम करून झाला. वहिनींनी ते स्वतः वाचलं, हळूहळू, ओठ हलवत. यादीपाशी थांबल्या. मग जिन्यातूनच मुलीला हाक मारली, आणि ती वर आल्यावर तिने माझ्याकडे जे पाहिलं ते मला पुरतं कळलं.

शाळेला मेल टाकलाय: दर सत्राला मी फुकट करून देईन, फक्त स्कॅन नको, मजकूर पाठवा. उत्तर नाही अजून. दरम्यान वहिनींनी ते पान वर्गाच्या पालकांच्या ग्रुपवर ढकललं. आज रविवारी सकाळपर्यंत अकरा जणांनी विचारलंय, बाकीची तीन पानं कधी? एकाला ढालीचं सविस्तर हवंय, त्याचा मुलगा गोलकीपर आहे. पुण्याला पोचलो की बसतो.