पोरीची चढाई कुठे बघायची?

आमच्या जुन्नर-आंबेगावात हल्ली बऱ्याच घरांत एक प्रश्न ऐकू येतो. केबल काढून टाकली, आता मुलीची कॉलेजची मॅच कुठे दिसेल? विचारणारी बहुतेक वेळा अम्मी असते. अब्बांना गाडीला किक मारून मैदानावर जाता येतं. तिला घर, धाकटी पोरं, सासू आणि ‘बायकांचं मैदानात काय काम’ हे सगळं सोडवून निघणं जमत नाही. म्हणून हा प्रश्न मला नुसत्या करमणुकीचा वाटत नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. केबल गेल्याने या बाबतीत काही गेलेलं नाही. २०१९ साली ट्रायची नवी दररचना आली तेव्हा नुसत्या जोडणीचे महिन्याला १३० रुपयांपर्यंत, वर कर, आणि खेळाच्या वाहिन्यांचे वेगळे, असा हिशेब बसला. त्यात आयपीएल दिसली. २०१४ पासून प्रो कबड्डी दिसली, इराणच्या फजल अत्राचलीची पकड मोहल्ल्यातल्या पोरांना पाठ झाली. पण त्यातूनच एक समज पक्का झाला की पैसे भरले की कबड्डी दिसते. आता तोच समज घेऊन लोक अ‍ॅपचे पैसे भरतात आणि मग विचारतात, कॉलेजची मॅच कुठल्या बटणावर आहे?

आपल्या पोरी खेळतात त्या स्पर्धांची उतरंड वेगळी आहे. आधी कॉलेजाकॉलेजांतल्या लढती, मग सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या विभागांचे संघ, त्यातून विद्यापीठाचा संघ, मग पश्चिम विभाग, अखिल भारतीय आंतरविद्यापीठ आणि शेवटी २०२० साली भुवनेश्वरला सुरू झालेली खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा. मोठा कॅमेरा येतो तो या शेवटच्या पायरीवर. बहुतेक पोरी पहिल्या दोन पायऱ्यांवर खेळतात, पदवी घेतात आणि निकाह होऊन जातात. त्यांची चढाई घरातल्या कुणी पाहिलेलीच नसते.

वरच्या पायरीसाठी माझं मत सरळ आहे. डीडी फ्री डिश घ्या. डबा आणि छत्री एकदाच विकत घ्यायची, महिन्याची कटकट नाही, आणि डीडी स्पोर्ट्स त्यावर आहे. आहुप्याकडे डोंगरात केबलची तार ओढायला कुणी जाणार नाही, छत्री मात्र लागते. (डिशची तशी आम्हाला टंचाई नाही. खोडदच्या दुर्बिणीच्याच ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश आहेत, पण त्यांना कबड्डीत रस नाही.) ढग दाटले की चित्र फुटतं, एवढं सोसावं लागेल. फोनवरच बघायचं असेल तर प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये वेव्हज नावाचं अ‍ॅप आणलं आहे. आधी ते उघडून बघा, मग पैशांच्या अ‍ॅपचा विचार करा.

खालच्या पायरीचं उत्तर यूट्यूब. आणि ते शिकायला पुण्याला जायची गरज नाही, घाटात जा. बैलगाडा शर्यती २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने थांबवल्या, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. आज यात्रेच्या दिवशी घाटातून लाइव्ह सुरू असतं, वरून ड्रोन फिरतो, निवेदक बारीगणिक सेकंद सांगतो, आणि मुंबईत नोकरीला असलेला गाडामालकाचा मुलगा फोनवर आपली बारी बघतो. जे बैलांना मिळालं ते पोरींसाठी मागायला लाज कसली?

खर्चही फार नाही. एक बरा फोन, तिपाई, पॉवर बँक. डेटाचं भय घालणाऱ्यांसाठी सांगतो, ४८० पीवर तासाला साधारण अर्धा ते पाऊण जीबी जातो. मुलींची मॅच १५-१५ मिनिटांची, मध्ये ५ मिनिटं विश्रांती. रोजच्या दीड जीबीत दोन मॅच सहज बसतात. फक्त मॅचच्या सकाळी चॅनल उघडून चालत नाही. मोबाइलवरून लाइव्ह करायला निदान ५० सबस्क्रायबर लागतात आणि पहिल्यांदा सोय सुरू व्हायला एक दिवस जाऊ शकतो.

पण खरा प्रश्न अ‍ॅपचा नाही, कॅमेरा कुणाच्या हातात आहे त्याचा आहे. मैदानावर कुणीही फोन वर धरतो. संध्याकाळी त्यातला पाच सेकंदांचा तुकडा गाणं लावून फिरतो. मुलीचं नाव पडद्यावर आलं की कुणीतरी आडनावावरून खाली घाण लिहितो, आणि दुसरीकडे आपलेच लोक तिच्या पोशाखाची लांबी मोजायला बसतात. मग घरात निर्णय होतो. बंद व्हायला हवा असतो तो व्हिडिओ, बंद होतो पोरीचा खेळ.

म्हणून आपण निवड करायची ती कॉलेजच्या स्वतःच्या चॅनलची. चॅट बंद, खालची कमेंट बंद, कॅमेऱ्यामागे कॉलेजमधलीच मुलगी, आणि मॅचनंतर चित्रण ठेवायचं की काढायचं हे खेळणाऱ्या पोरींना विचारून. काहींचं म्हणणं असतं की लिंक फक्त पालकांच्या ग्रुपवर द्या. साध्या लढतींना तसं करा, हरकत नाही. पण लिंक पुढे ढकलता येते, तेव्हा ते काही कुलूप नव्हे. अंतिम सामना मात्र सगळ्यांना दिसू द्यावा. निवड करणाऱ्यांनाही, गावालाही, मोहल्ल्यालाही. लपवून खेळायला तिने काही गुन्हा केलेला नाही.

अमेरिकेत १९८४ च्या एका न्यायालयीन निकालानंतर कॉलेजांच्या फुटबॉलचे टीव्ही हक्क विकायचा मोठा बाजार उघडला. तिथे आज केबल तोडणाऱ्याला सगळ्या मॅच बघायच्या तर दोन-तीन ठिकाणी पैसे भरावे लागतात. आपल्या आंतरमहाविद्यालयीन कबड्डीला गिऱ्हाईकच नाही. सध्या तरी हे आपल्या पथ्यावर पडणारं आहे. कुणाची परवानगी विकत घ्यायची नाही, फक्त कॉलेजकडे मागणी करायची.

ती मागणी घेऊन अम्मींनीच जावं, दोघी-तिघी मिळून, हंगाम सुरू व्हायच्या आधी. शारीरिक शिक्षण संचालकांना भेटा, वेळापत्रक मागा, चॅनल आहे का विचारा, नसेल तर कधी उघडता तेही विचारा. आणि गुण मोठ्याने सांगणारी एक बोलकी मुलगी कॅमेऱ्याजवळ उभी करायला सांगा. फोनच्या पडद्यावर गुणफलक वाचता येत नाही.